रंगूनची ती पाच वर्षं



व्हाइस अ‍ॅडमिरल राम दास कटारी म्हटलं, की आपण ठरलेल्या गोष्टी सांगतो. मुंबईतल्या ‘डफरिन’ शिक्षणनौकेची १९२७ ची पहिली तुकडी, १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख, मग विमानवाहू नौका ‘विक्रांत’ आणि गोवामुक्ती. हे तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते १९६४ ते १९६९ बद्दल. तेव्हा कटारी रंगूनला आपले राजदूत होते.

बर्मात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, जनरल ने विन यांची सत्ता होती. दुकानं, पेढ्या सरकारजमा झाल्या होत्या. मे १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबलेली भारतीय माणसं लाखोंनी परतत होती, आणि दागिने, रोकड सोबत नेण्यावर कडक बंधनं होती.

वाड्यातली सामाईक भिंत आठवा. पलीकडच्या बिऱ्हाडानं आपल्या माणसाचं दुकान बंद केलं, तर राग येणारच. पण म्हणून भिंत पाडता येत नाही. आढं दोघांच्याही डोक्यावर कोसळेल. ओल आली तर ती दोघांनी मिळूनच बघायची. आपली ओल ईशान्येत होती: नागा बंडखोर बर्मातून चीनकडे जात होते. आणि भिंतीची हद्द आखायची, तर त्याच शेजाऱ्याला ओट्यावर बसवून बोलावं लागतं. तसंच झालं. १० मार्च १९६७ रोजी रंगूनमध्ये भारत-बर्मा सीमाकरार झाला. माणसं परतत होती, तरी बोलणं तुटलं नाही.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. ज्यांच्या हाताखालच्या युद्धनौकांनी गोव्यात तोफा डागल्या, त्या कटारींनाच तीन वर्षांत तोफेविना देशाचं काम करावं लागलं. ही निवृत्तीनंतरची विश्रांती नव्हती. त्यांच्या देशसेवेचा हा तितकाच अवघड भाग होता.

 

शिक्षकांनो, तुमच्यावर थोडं रागवायचंय. १९ डिसेंबरला, गोवामुक्तिदिनी, तुम्ही मुलांकडून गोव्याची भाषणं पाठ करून घेता. छान! पण त्याच माणसाची रंगूनची पाच वर्षं कोण सांगणार? लढाईच्या तारखा आपण पाळतो, कराराच्या नाही. यंदा फळ्यावर १० मार्च १९६७ ही तारीखही लिहा.