गटाचा तंबोरा

देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आमच्या आकुर्डीत असतो, त्यामुळे इथं भजन घरोघरी. आमच्या गटानं बचतीतून मिरजेचा तंबोरा घेतला. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

पण मालकी सगळ्यांची, म्हणून काळजी कोणाचीच नाही, असं झालं. पावसाळ्यात तो ओल्या भिंतीला टेकून राहिला. मग रिक्षात गचका बसला आणि भोपळ्याला तडा गेला. बोल कोणाला लावायचा? वहीत नोंद मीच ठेवली नव्हती.

आता महिन्याची पाळी आहे. देता-घेताना दोघी मिळून भोपळा, घोडी, खुंट्या बघतात, मगच सही. खाली चुंबळ हवीच. प्रवासात तारा सैल करायच्या. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, चौथी पितळेची, खर्जाची. आवाज बसका वाटला तर लगेच तार बदलू नका. घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर सरकवून बघा. याला पडदे नसतात, सूर दाबायचे नसतात, नुसतं सावकाश छेडायचं. सत्तरीच्या आजीसुद्धा शिकल्या. सुरात लावणं मात्र अजून आम्हा दोघींनाच जमतं.

तडा मिरजेला नेऊन सांधला. त्याचा निम्मा खर्च वहीत अजून बाकी आहे.