पोलिसाची गोळी आणि कामगाराचा करार



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, चौकशीचे कागद बाजूला सारून रात्री केलेले. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा असावी की आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू. आम्ही विषय दिला तो अमेरिकेत पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या नागरिकांचा. कामगार कार्यकर्त्याला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज उभे आहोत. या प्रकरणाच्या तळाशी जाताना आम्हांस तेथे एक ओळखीची वस्तू सापडली. ती म्हणजे युनियनचा करार.

आपण सारे एकाच गावात फिरू. म्हणजे बोलणे भरकटणार नाही. गाव मेम्फिस, टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले. कापसाच्या बाजारपेठेचे गाव. त्या कापसामागे गुलामांचा घाम होता. गुलामांकडे परवाना आहे की नाही हे पाहत रात्री हिंडणाऱ्या गस्ती दक्षिणेकडील राज्यांत असत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केले, हे आपणांस ठाऊक आहे. पण गुलामगिरी संपताच शेजारच्या मिसिसिपी राज्याने त्याच वर्षी कायदा केला, की काळ्या माणसाने दर जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा दाखवावा. नाही दाखवला तर तो भटक्या ठरे. त्याला अटक होई, दंड होई, आणि दंड भरता आला नाही की त्याला एखाद्या मळेवाल्याकडे कामाला जुंपीत. म्हणजे शिपायाचे काम चोर पकडण्याचे कमी आणि मजूर पकडून देण्याचे जास्त. मालक बदलतात, कायदे बदलतात. पण कोणाकडे संशयाने पाहायचे ही सवय खात्यात पिढ्यानपिढ्या उतरते.

आता १९६८ सालात येऊ. मेम्फिसमध्ये कचरा उचलणारे सुमारे १,३०० कामगार होते, बहुतेक सारे काळे. १ फेब्रुवारीला पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे आडोशाला कचऱ्याच्या गाडीच्या मागल्या पोटात बसले. कचरा दाबण्याचे यंत्र बिघाडाने चालू झाले आणि दोघे त्यात चिरडले गेले. १२ फेब्रुवारीला संप सुरू झाला. मागण्या साध्या होत्या : युनियनला मान्यता द्या, वर्गणी पगारातून कापून द्या, वेतन वाढवा. महापौर हटून बसले. कामगार गळ्यात पाट्या अडकवून रस्त्याने चालू लागले. पाटीवर एकच वाक्य होते, ‘मी माणूस आहे’. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या मदतीला आले. हे तेच किंग, जे १९५९ साली आपल्या देशात आले होते आणि मुंबईस मणिभवनात राहिले होते. २८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली आणि १६ वर्षांचा लॅरी पेन पोलिसाच्या गोळीने मेला. पोलीस म्हणाले, त्याच्या हाती सुरा होता. पाहणारे म्हणाले, त्याचे हात वर होते. ४ एप्रिलला खुद्द किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला तडजोड झाली : मान्यता मिळाली, आणि वर्गणी कामगारांच्या पतपेढीमार्फत कापण्याची तोड निघाली. जगातल्या कोणत्याही युनियनवाल्याने ज्या संपाची आठवण ठेवावी असा हा संप.

त्याच गावात सहा वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री, एका घरात कोणी शिरल्याची वर्दी आली. दोन शिपाई गेले. मागच्या अंगणातून एक काळा मुलगा पळाला आणि सहा फुटी जाळीच्या कुंपणाशी थांबला. त्याचे नाव एडवर्ड गार्नर, वय १५. शिपायाने विजेरीच्या उजेडात त्याचा चेहरा आणि हात पाहिले. हत्यार दिसले नाही. मुलगा निःशस्त्र असावा अशी आपली जवळजवळ खात्री होती, हे त्या शिपायानेच पुढे सांगितले. मुलगा कुंपणावर चढू लागला. शिपायाने गोळी झाडली, ती डोक्याला मागून लागली. मुलाजवळ एक बटवा आणि १० डॉलर सापडले.

शिपायाने कायदा मोडला नव्हता, ही खरी ध्यानात घेण्याची गोष्ट. टेनेसीचा कायदाच सांगत होता की पळणाऱ्या गुन्हेगाराला पकडण्यासाठी लागेल ते साधन वापरावे. हा नियम जुन्या इंग्लंडातला. तेथे एके काळी जवळजवळ प्रत्येक मोठ्या गुन्ह्याला फाशीच असे. ज्याला उद्या फासावर चढवायचे त्याला आज गोळी घातली तर काय बिघडले, असा त्यामागील हिशेब. फाशा गेल्या, नियम तसाच राहिला. मुलाच्या बापाने दावा लावला आणि सुमारे दहा वर्षे झगडला. २७ मार्च १९८५ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, ज्याच्यापासून कोणाच्या जिवाला धोका नाही अशा पळणाऱ्या माणसाला केवळ पळतो म्हणून ठार मारता येणार नाही. एक बटवा आणि १० डॉलर यांची किंमत एका पोराचा जीव नव्हे, हे ठरायला १९८५ साल उजाडले!

पण एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने आखडले. १९८९ साली दुसरा खटला आला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरी एका काळ्या मधुमेही माणसाची साखर उतरली. संत्र्याचा रस घ्यायला तो दुकानात शिरला, रांग लांब दिसली म्हणून घाईने बाहेर पडला. पोलिसाला संशय आला. धरपकडीत त्या आजारी माणसाचा पाय मोडला. त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कसोटी घालून दिली, की बळाचा वापर योग्य होता की नाही हे जागेवरच्या समंजस पोलिसाच्या नजरेने पाहावे, मागाहून शहाणपणाने पाहू नये. ऐकायला रास्त वाटते. पण मग ‘मला भीती वाटली’ हे शब्दच बचाव होऊन बसतात. आणि कोणाची भीती वाटावी हे तर ती पिढ्यानपिढ्यांची सवयच ठरवते.

परिणाम आकड्यांत दिसतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्राने २०१५ पासून मोजदाद ठेवली, तीत दरवर्षी सुमारे १,००० माणसे पोलिसांच्या गोळीने मरताना आढळली. संख्येने गोरे अधिक आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण लोकसंख्येच्या मानाने पाहता काळ्या माणसाच्या मरणाचे प्रमाण गोऱ्याच्या दुपटीहून अधिक. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला पोलिसांच्या गोळीने मरणारे बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेत घरोघरी बंदुका. पोलीस तरी काय करणार? अडचण खरी आहे. पण न्यू यॉर्कचे उदाहरण पाहा. १९७१ साली तेथील पोलिसांच्या गोळीने ९३ माणसे मेली. १९७२ साली पोलीस प्रमुखाने गोळी कधी झाडावी याचे नियम कडक केले आणि प्रत्येक गोळीचा हिशेब घेणे सुरू केले. २०१० साली हा आकडा ८ वर आला. पोलिसांचे प्राण यामुळे अधिक गेले नाहीत. उलट तेही कमी गेले. तात्पर्य, नियमाने जीव वाचतात. मग नियम सगळीकडे का होत नाहीत, आणि झाले तर पाळले का जात नाहीत?

मघा ज्या ओळखीच्या वस्तूचा उल्लेख केला ती इथे भेटते. आपल्याकडे १९६६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पोलिसाला सरकारच्या परवानगीवाचून कामगार संघटनेत जाता येत नाही, म्हणून आपणांस नवल वाटेल. अमेरिकेत पोलिसांच्या संघटना बलाढ्य आहेत आणि त्या शहराशी करार करतात. शिकागोच्या करारात असे कलम होते, की पोलिसावरील तक्रारींचे जुने कागद पाच वर्षांनी नष्ट करावेत. मेरीलँड राज्याने १९७४ साली पोलिसांच्या हक्कांचा खास कायदा केला. त्याप्रमाणे चौकशीला बोलावलेल्या पोलिसाला वकील मिळवण्यासाठी दहा दिवस अवधी मिळे. जखमी वा मृताचे साक्षीदार मात्र त्याच रात्री विचारले जात. अनेक शहरांत बडतर्फ केलेला पोलीस लवादापुढे जातो आणि पुन्हा पट्टा बांधून कामावर येतो.

शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ रोजी लक्वान मॅक्डॉनल्ड या १७ वर्षांच्या काळ्या मुलाला एका पोलिसाने १६ गोळ्या घातल्या. मुलाजवळ लहानसा सुरा होता. तो अंगावर आला असे पोलिसांनी लिहिले. संघटनेच्या प्रवक्त्यानेही घटनास्थळी तेच सांगितले. शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर दिले, म्हणजे नागरिकांच्या करातून दिले. वर्षभराने न्यायालयाच्या हुकमाने चित्रफीत बाहेर आली. मुलगा दूर जात होता! त्या पोलिसाला २०१८ साली दोषी ठरवण्यात आले.

बंधुभगिनींनो, ही कलमे प्रथम वाचली तेव्हा आम्हांस राग आला आणि लगेच लाजही वाटली. कारण ही भाषा आमचीच! आरोपपत्र लेखी द्या, कामगाराला आपला प्रतिनिधी आणू द्या, जुनी शिक्षा उकरून काढू नका, लवादापुढे न्या. या मागण्यांसाठी आम्ही गेटवर उभे राहिलो, उपास काढले. मग आमचे चुकले काय? की त्यांचे?

बराच विचार करून आम्ही जे उत्तर काढले ते असे. गिरणीत टेबलाच्या एका बाजूस मालक, दुसऱ्या बाजूस कामगार. कामगाराच्या हातून कापड बिघडले तर नुकसान मालकाचे, आणि मालक टेबलाशी हजर असतो. पोलिसांच्या करारात एका बाजूस महापौर आणि दुसऱ्या बाजूस पोलीस. ज्याच्या पाठीत गोळी जायची तो टेबलाशी नसतोच. महापौराला पगारवाढ देणे जड जाते, कारण पैसा तिजोरीतून निघतो. शिस्तीचे कलम सोडून देणे सोपे, कारण त्याची किंमत त्या दिवशी कोणी मोजत नाही. ती पुढे एखाद्या मुलाची आई मोजते. नोकरीची हमी हे दुबळ्याचे कवच. ते बंदूकधाऱ्याला दुबळ्याविरुद्ध चढवले की कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. ‘पाहा युनियनचे प्रताप! युनियनच नकोत!’ असे म्हणायला मालकवर्ग टपलेलाच आहे. आम्ही तसे म्हणत नाही. पोलिसानेही पगारासाठी, कामाच्या तासांसाठी, रजेसाठी संघटना करावी. पण माणूस मारल्याचा जाब द्यायचा की नाही, हा सौद्याचा विषय होऊ शकत नाही. २५ मे २०२० रोजी मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. पुढच्याच महिन्यात सिॲटलच्या मध्यवर्ती कामगार मंडळाने मतदान करून तेथील पोलिसांच्या युनियनला आपल्यातून बाहेर काढले. त्या मंडळाला नाव किंग यांचेच आहे. मेरीलँडने २०२१ साली तो खास कायदा रद्द केला. भावाला घराबाहेर काढणे सोपे नसते. तरी ते त्यांनी केले.

शेवटी पुन्हा मेम्फिसला जाऊ. ७ जानेवारी २०२३ च्या रात्री टायर निकोल्स या २९ वर्षांच्या काळ्या कामगाराला पोलिसांनी गाडी चालवताना अडवले आणि बेदम मारले. तीन दिवसांनी तो गेला. मारणाऱ्यांपैकी ज्या पाच जणांवर खुनाचे आरोप ठेवले ते पाचही काळेच होते. १९७४ साली कुंपणाशी गोळी झाडणारा शिपाईही काळाच होता. म्हणून म्हणतो, मारणाऱ्या हाताचा रंग बदलल्याने रोग बरा होत नाही. त्या हाताला जाब विचारणारे कोणी आहे की नाही, हे पाहावे लागते. मे २०२५ मध्ये त्यांपैकी तिघांना राज्याच्या न्यायालयात पंचांनी सर्व आरोपांतून मुक्त केले. मेम्फिसचे पोलीस सर्रास अवाजवी बळ वापरतात आणि काळ्यांशी भेदभाव करतात, असा अहवाल केंद्र सरकारच्या न्याय खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये दिला होता; सरकार बदलल्यावर त्याच खात्याने तोही त्याच मे महिन्यात मागे घेतला.

‘मी माणूस आहे’ ही पाटी त्याच गावच्या सफाई कामगारांनी गळ्यात अडकवली होती, आणि ती युनियनची पाटी होती. युनियनचा प्रत्येक करार त्या पाटीशी ताडून पाहावा, एवढेच आमचे म्हणणे. आम्ही आमच्यापासून सुरुवात केली आहे. आमच्या सभासदाची बाजू मांडताना, समोर ज्याचे नुकसान झाले तो माणूस टेबलाशी आहे की नाही, हे आता आम्ही आधी विचारतो. कधी कधी सभासद रागावतात. रागावोत.