लोकसंख्येचा धडा आणि शिक्षकाची तयारी



लोकसंख्यावाढीचा विषय शाळेत आला, त्याला आता बराच काळ लोटला. १९६९ साली त्यावर मुंबईत राष्ट्रीय परिसंवाद भरला. १९८० साली राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला आणि पुस्तकांत धडे आले. हा धडा शिकविणाऱ्या शिक्षकाची तयारी कशी व्हावी, एवढाच आजचा माझा विषय आहे.

पहिली तयारी गणिताची. १९५१ च्या जनगणनेत आपण सुमारे ३६ कोटी होतो. २०११ साली १२१ कोटी झालो. एवढेच फळ्यावर लिहिले, तर मुले म्हणतील, "लोकांना मुले फार होतात." शिक्षकाने तेथे थांबू नये. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले आढळली; २०१९-२१ मध्ये ती २ वर आली, आणि तेलंगणात १.८ वर. मग संख्या अजून का वाढते? कारण मोठ्या कुटुंबांत जन्मलेल्या मुली आज माता झाल्या आहेत, आणि १९५१ च्या सुमारास अवघे ३२ वर्षांचे असलेले सरासरी आयुर्मान आता सत्तरीच्या घरात आले आहे. पाऊस थांबला तरी गोदावरीचा पूर लगेच ओसरत नाही, हे बासर-मुधोळकडच्या मुलांस वेगळे सांगावयास नको.

दुसरी तयारी परिणाम समजावून देण्याची. मुधोळ परिसर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. येथील काळ्या जमिनीत कापूस होतो. तेव्हा उदाहरण शेताचेच घ्यावे. आजोबांची चोवीस एकर जमीन चार मुलांत वाटली. पुढे प्रत्येकास तीन मुले झाली. नातवाच्या वाट्यास दोन एकर आली. एखादी मुलगी विचारील, "आणि बहिणींचा वाटा?" तिला दटावू नये. तो प्रश्न याच धड्यातला आहे. मुलगी शिकली, तिचे लग्न उशिरा झाले आणि घरात तिच्या शब्दास मान मिळाला, की कुटुंबाचा आकार आपोआप बदलतो.

तिसरी तयारी मनाची, आणि तीच सर्वांत अवघड. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेसाठी माणसे आणण्याचे काम शिक्षकांवरच लादले गेले. ज्या गुरुजींच्या हाती पालक विश्वासाने मूल सोपवीत, त्यांनाच पाहून ते दार लावून घेऊ लागले. गेलेला विश्वास सहजासहजी परत येत नाही. म्हणून वर्गात उपदेश नको, घोषणा नकोत, आणि कोणत्याही जातिधर्माकडे बोट दाखविणे तर मुळीच नको. मराठी, तेलुगू व उर्दू बोलणारी मुले जेथे एका बाकावर बसतात, तेथे असे एक वाक्य वर्षभराची मैत्री मोडू शकते.

सहा भावंडांच्या घरातले मूलही त्याच वर्गात असते. जन्मलेली बरीच बाळे दगावत, त्या काळी आईबापांनी अधिक मुले इच्छिली, यात त्यांचा अपराध कोणता? कुटुंब केवढे असावे, हे पतिपत्नींनी आपल्या विवेकाने ठरवावे. त्यासाठी लागणारी समज देणे, हे शाळेचे काम.

प्रशिक्षणवर्गात शिक्षकास आकडे द्या, ते वाचावयास शिकवा. परंतु त्याआधी हे सांगा, की ज्याच्यामुळे संख्या एकाने वाढली, तो मुलगा समोर बसला आहे. धडा संपल्यावर त्याची मान खाली गेली नसेल, तरच तो धडा नीट शिकविला गेला.