गैरहजर, दंड १० रुपये

बायांनो, भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर हात चालू द्या, कान इकडे ठेवा.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मारहाण नाही, मारामारी नाही, असा समाज कधी होईल का?" जुन्या बायका हसल्या. एक म्हणाली, "चूल आहे तिथं धूर असायचाच."

असायचाच का? आमच्या आजा-पणजाच्या काळी डहाणू-तलासरीत वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं त्याचे लग्नगडी. राबून राबून जन्म जाई, कर्ज फिटत नसे. मारझोड, बायांची अब्रू घेणं, हा जमीनदाराचा हक्कच समजला जाई. तेव्हाही कुणी म्हणालं असेल, हे असंच चालायचं. पण मे १९४५ मध्ये झरीला हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. वेठ करायची नाही, असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. तरी लोक मागे हटले नाहीत. वेठ गेली, लग्नगडीही गेले. म्हणजे 'कायमचं' वाटणारं संपू शकतं.

पण एक हिंसा गेली म्हणून दुसरी येत नाही, असं नाही. १६ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. लॉकडाऊन होता, चोर आणि मुलं पळवणारे फिरतात अशी अफवा होती. आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना मारून टाकलं. तसले मेसेज आमच्या पाड्यातही आले होते. पोरं काठ्या घेऊन रात्रभर जागत होती. आम्हीच त्यांना चहा करून दिला. "चोर कुणी पाहिला?" एवढं एकीनेही विचारलं नाही. आमच्या पाड्यात त्या रात्री अनोळखी गाडी आली नाही, एवढंच.

आता घरातली गोष्ट. आमच्या गटातली एक बाई दोन बैठकांना आली नाही. आम्ही नोंदवहीत लिहिलं, 'गैरहजर, दंड १० रुपये'. तिचा डोळा सुजला होता, हे शेजारणीला माहीत होतं. आम्हालाही कळलं होतं. 'घरची बाब' म्हणून गप्प बसलो. आपल्या वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. लग्न लावायला बाईचा शब्द चालतो, आणि त्याच लग्नात मार पडला तर बाईने बोलायचं नाही?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही दंड परत केला. पाच जणी तिच्या अंगणात जाऊन बसलो. भांडलो नाही. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "आम्हाला माहीत आहे." तो सुधारला, असं खोटं सांगणार नाही. पण त्या घरातून आवाज आला की आता शेजारची दारं उघडतात.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात फक्त मारणंच येत नाही. शिवीगाळ, धमकी, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं, हेही येतं. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. बाईला सरकारी वकील-मदत फुकट मिळते. फोनसाठी १८१, तातडीची वेळ असेल तर ११२.

हिंसा पूर्ण संपेल का? त्या मुलीला आम्ही हो म्हणू शकलो नाही. पण वेठ संपली ती कुणीतरी पहिल्यांदा 'नाही' म्हटलं म्हणून. म्हणून पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी एक काम करा. कोण आलं नाही ते बघा, आणि दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.

येतो आम्ही. नमस्कार.