जुळलेल्या बोटांचा वानर

श्रोत्यांनी क्षणभर अशा एका वानराची कल्पना करावी, की ज्याच्या हातापायांची अंगठ्यावाचून चारही बोटे एकमेकांस जुळलेली आहेत. असा प्राणी अरण्यात जगेल काय?

प्रथमदर्शनी उत्तर येते, की जगेल. गिबन जातीचे वानर फांद्यांना लोंबकळत जातात, तेव्हा त्यांच्या हाताची चार बोटे मिळून एका आकड्याचेच काम करतात. आकड्याला बोटे सुटी असण्याची आवश्यकता नाही. सृष्टीतही याचा अल्पसा नमुना आढळतो. सुमात्रा बेट व मलाया द्वीपकल्प येथील अरण्यांत सियामंग हा सर्वांत मोठा गिबन राहतो. त्याच्या पायाची दुसरी व तिसरी बोटे बहुधा कातडीच्या पडद्याने जोडलेली असतात. १८२१ साली स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी त्यास दिलेले शास्त्रीय नावही याच लक्षणावरून आहे.

परंतु सियामंगाची बोटे जुळली आहेत ती पायाची, हाताची नव्हेत. पिकले फळ निवडून खुडणे, त्याची साल काढणे, सोबत्याच्या केसांतून किडे वेचणे, ही कामे आकड्याने होत नाहीत. चिंपांझी काडीची पाने काढून ती वारुळात घालतो व वाळवी मिळवितो, हे जेन गुडॉल यांनी १९६० साली पाहिले. आपला कल्पित वानर लोंबकळेल खरा, पण अशा कामांत पदोपदी अडेल.

मग बोटे सुटी होतात कशी? मानवी गर्भाचा हातही आरंभी वल्ह्याच्या पात्यासारखा असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यांच्या सुमारास बोटांमधील पेशी नियमाने मरतात व बोटे मोकळी होतात. हे कार्य क्वचित अपुरे राहते. सुमारे दोन ते तीन हजारांत एक मूल जुळलेल्या बोटांनी जन्मास येते.

अशा वेळी घरातील वडील मंडळी बाळंतिणीस विचारतात, "ग्रहणात काय चिरलेस?" हा प्रश्न अन्यायाचा आहे. ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही. पुष्कळदा हे लक्षण आनुवंशिक असते. शस्त्रवैद्य अशी बोटे वेगळी करतात, व कातडी अपुरी पडल्यास ती शरीराच्या दुसऱ्या भागावरून घेतात. हाताच्या बोटांसाठी ही शस्त्रक्रिया बहुधा मूल एक-दोन वर्षांचे असताना होते. तेव्हा मातेस बोल लावण्यात दिवस न दवडता मुलास वैद्याकडे न्यावे. पुढे त्याच हाताने त्याला लेखणी धरावयाची आहे.