संगणकाला घरातली नावे का सापडत नाहीत?



संगणकावर काम करणाऱ्या पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव केव्हा ना केव्हा येतो. सातासमुद्रापलीकडचे वृत्तपत्र क्षणार्धात पडद्यावर उघडते. पण शेजारच्या खोलीतील सर्व्हरवर ठेवलेली कार्यालयाची नोंदवही मात्र उघडत नाही. ‘हे नाव सापडत नाही’ एवढेच उत्तर संगणक देतो. मग कोणी तार काढून पुन्हा लावतो, कोणी संगणक बंद करून सुरू करतो, कोणी ‘नेट गेले’ म्हणून चहाला उठतो. नेट गेलेले नसते. ते गेले असते तर परदेशी वृत्तपत्र उघडले नसते. अशा वेळी बहुधा एकच गोष्ट घडलेली असते. संगणकाने जे विचारावयाचे ते भलत्यालाच विचारलेले असते. हा भलता कोण, आणि त्याचा माग कसा काढावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणक एकमेकांना ओळखतात ते आकड्यांनी. नावे आहेत ती आपल्या सोयीसाठी. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर मोजकी यंत्रे होती, त्या काळी सर्व नावे आणि त्यांचे आकडे एकाच यादीत लिहिलेले असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर या विदुषींच्या विभागात राखली जाई, आणि इतरांनी ती तेथून उतरवून घ्यावयाची अशी रीत होती. यंत्रे वाढली तशी यादी आवरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली. तिला डोमेन नेम सिस्टिम, किंवा आद्याक्षरांनी डीएनएस, असे म्हणतात. संपूर्ण यादी कोणा एकाजवळ नसावी, ज्याने त्याने आपापल्या विभागाची यादी राखावी आणि दुसऱ्याच्या नावाची चौकशी त्या त्या विभागाकडे करावी, हे तिचे तत्त्व होय. जुनी यादी मात्र समूळ गेली नाही. ‘होस्ट्स’ नावाची लहानशी फाइल आजही प्रत्येक संगणकात असते, आणि तिने केलेल्या उपद्रवाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आता या व्यवस्थेत बाहेरची नावे आणि घरातली नावे असा भेद आहे. आपल्या घरी कोणी माई असतात, कोणी अण्णा असतात. ‘माईंना बोलाव’ म्हटले की घरातले लहान पोरही नेमके कोणाकडे धावायचे ते जाणते. पण शहराच्या मोठ्या पोस्टात जाऊन ‘माई कोठे राहतात?’ असे विचारले, तर कारकून काय सांगणार? तो प्रामाणिकपणे म्हणेल, ‘अशी कोणी नोंद नाही.’ कारकुनाचे चुकले नाही. आपण चुकीच्या खिडकीशी उभे राहिलो. कार्यालय, रुग्णालय, महाविद्यालय यांच्या अंतर्गत सर्व्हरांची नावे अशीच घरगुती असतात. ती कार्यालयातील डीएनएस सर्व्हरलाच ठाऊक असतात. जगातील इतर कोणत्याही सर्व्हरला ती ठाऊक नसतात, आणि असूही नयेत.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न असा की, माणूस घरी नाही की त्याचे नाव कोणाला कळत नाही? ज्या सर्व्हरचे नाव चालत नाही त्याचा आकडा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०, ठाऊक असेल, तर पिंग या आज्ञेपुढे प्रथम नाव आणि मग तो आकडा टंकून पाहावा. नावाने ‘सापडत नाही’ असे उत्तर येते आणि आकड्याने प्रत्युत्तर येते, तर सर्व्हर जागेवर आहे व दोष नावाच्या उकलीत आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुष्कळ सर्व्हर सुरक्षिततेच्या कारणाने पिंगला उत्तरच देत नाहीत. म्हणून प्रत्युत्तर आले की नाही यापेक्षा, पिंगने पहिल्या ओळीत नावापुढे आकडा छापला की नाही हे पाहावे. आकडा छापला गेला, तर नावाची उकल झाली. पुढचे मौन हा वेगळा विषय. छापलेला आकडा भलताच असेल, तर तोही एक महत्त्वाचा पुरावा होय.

दुसरा प्रश्न असा की, आपला संगणक विचारतो तरी कोणाला? विंडोज प्रणालीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा, तिरकी रेघ आणि ऑल हा शब्द देऊन चालविली, म्हणजे ‘डीएनएस सर्व्हर्स’ या शीर्षकाखाली ते पत्ते दिसतात. मॅक संगणकावर हेच काम एससीयूटिल करते, तर लिनक्सच्या आजच्या बहुतेक प्रकारांत रिझॉल्व्हसीटीएल. हे पत्ते बहुधा कोणी हाताने लिहिलेले नसतात. संगणक जाळ्यात शिरताच राउटर किंवा सर्व्हर त्याला डीएचसीपी नावाच्या सोयीने एक आकडा देतो आणि ‘नावे अमक्याला विचार’ असेही सांगतो. ते सांगणेच चुकीचे असेल तर पन्नास संगणक एकाच वेळी चुकतात. एकट्याच संगणकाची ओरड असेल, तर कोणीतरी त्यावर हाताने काही लिहून ठेवले आहे, असा संशय आधी घ्यावा.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष विचारणे. एनएसलुकअप ही आज्ञा, पुढे सर्व्हरचे पूर्ण नाव आणि त्यापुढे ज्याला विचारावयाचे त्या डीएनएस सर्व्हरचा आकडा, अशी दिली की उत्तर सरळ त्याच्याकडून येते. नाव पूर्णच द्यावे. आपण एरवी ‘नोंदवही’ एवढेच टंकतो, आणि त्याच्या मागचे शेपूट संगणक आपल्या मनाने जोडतो. ज्या संगणकाला ते शेपूट कोणी शिकविलेच नाही, तो ‘नोंदवही’ हे नाव उघडेच घेऊन दारोदार हिंडतो. पूर्ण नावाने काम होते आणि आखूड नावाने होत नाही, तर रोग तेथेच सापडला.

एनएसलुकअपविषयी एक गोष्ट लक्षात न ठेवल्याने अनुभवी माणसांचेही तास वाया गेलेले आहेत. ती आज्ञा होस्ट्स फाइल पाहत नाही आणि संगणकाने पूर्वी लक्षात ठेवलेली उत्तरेही पाहत नाही. ती थेट सर्व्हरला विचारते. इतर कार्यक्रम मात्र संगणकाच्या नेहमीच्या वाटेने जातात. म्हणून एनएसलुकअप बरोबर आकडा देते आणि पिंग चुकीचा देते, असे दिसले की सर्व्हर निर्दोष आहे. घोटाळा संगणकाच्या पोटात, म्हणजे होस्ट्स फाइलमध्ये किंवा साठवलेल्या जुन्या उत्तरात आहे.

आता मी ज्या गोष्टीवर थोडा अधिक वेळ घेणार आहे, तिच्याकडे येतो. डीएनएस सर्व्हरचे पत्ते लिहिण्याच्या चौकटीत दोन जागा असतात. एक पसंतीचा, दुसरा पर्यायी. पुष्कळ ठिकाणी पहिल्या जागी कार्यालयाचा आतला सर्व्हर लिहितात आणि दुसरी जागा रिकामी दिसते म्हणून, किंवा ‘असू द्यावा, अडीअडचणीला उपयोगी पडेल’ म्हणून, गूगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक पत्ता लिहून टाकतात. हेतू चांगला असतो. परंतु त्यामागील समजूत अशी असते की, पहिल्याला नाव ठाऊक नसले तर संगणक दुसऱ्याला विचारील. ही समजूत चुकीची आहे. ‘असे नाव नाही’ हेदेखील एक पूर्ण उत्तर आहे. ते मिळाले की चौकशी संपली. दुसऱ्याकडे संगणक जातो तो पहिला मौन राहिला तर. आणि एकदा दुसऱ्याकडे गेला की काही काळ त्यालाच धरून बसतो. काही प्रणाली तर हा क्रमही कटाक्षाने पाळत नाहीत.

एका लहान रुग्णालयात हा प्रकार पाहावयास मिळाला. तपासणी विभागात पाच संगणक होते. रोज सकाळी त्यांतील दोन-तीन संगणकांवर रक्त-तपासणीचे अहवाल उघडत नसत. दहा वाजण्याच्या सुमारास ते आपोआप उघडू लागत. सकाळच्या वेळी खिडकीशी रांग असे. कर्मचारी वरच्या मजल्यावर जाऊन आकडे कागदावर उतरवून आणीत आणि खाली येऊन वाचून दाखवीत. साखरेचा एक आकडा दुसऱ्याच्या नावे वाचला गेला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. दुरुस्तीस येणारा मनुष्य येई तो अकरा वाजता, आणि सारे ठीक आहे असे पाहून जाई. कारण एवढेच होते की, आतला सर्व्हर पहाटे आपल्या माहितीची प्रत काढण्यात गुंतलेला असे व त्याचे उत्तर उशिरा येई. घाईचे संगणक तेवढ्यात पर्यायी पत्त्याकडे वळत. अहवालांच्या सर्व्हरचे घरगुती नाव त्या सार्वजनिक सर्व्हरला ठाऊक असणे शक्यच नव्हते. तो ‘अशी कोणी नोंद नाही’ म्हणे. माई आणि पोस्टातील कारकून, तोच प्रसंग.

उपाय सोपा आहे. दोन्ही जागी आतलेच सर्व्हर लिहावेत. आतला सर्व्हर एकच असेल तर दुसरी जागा रिकामी ठेवावी. बाहेरच्या नावांची चौकशी त्या आतल्या सर्व्हरने करावी. सार्वजनिक पत्ता लिहावयाचा तर तो त्याच्याजवळ लिहावा, प्रत्येक टेबलावर नव्हे. सर्व्हर बंद पडला तर सारेच अडेल, असा आक्षेप यावर घेतात. तो खरा आहे, आणि म्हणूनच दुसरा आतला सर्व्हर ठेवावयाचा असतो. सर्वांचेच एकदम अडले तर कोणीतरी धावत येतो. दोघातिघांचे रोज अर्धा तास अडत राहिले तर कोणीच येत नाही.

याच जातीचे आणखी काही चकवे आहेत, ते थोडक्यात सांगतो. आयपीव्ही-६ ही नवी आकडेपद्धती राउटरवर सुरू झाली की पुष्कळ राउटर स्वतःचाच पत्ता डीएनएससाठी जाहीर करतात. जुन्या पद्धतीच्या चौकटीत सारे बरोबर दिसते, पण संगणक नव्या वाटेने भलत्याला विचारीत असतो. म्हणून दोन्ही पद्धतींचे पत्ते पाहावेत. पिंगला नाव कळते आणि ब्राउझरलाच तेवढे कळत नाही, असे असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ शोधावे. ते कडक पातळीवर ठेवले असेल तर ब्राउझर कार्यालयाच्या सर्व्हरला न विचारता परस्पर बाहेरच्या कंपनीला विचारतो. घरून व्हीपीएनद्वारे काम करणाऱ्यांनी, जोडणी झाल्यावर डीएनएसचे पत्ते बदलले की नाहीत, हे पाहावे.

आता होस्ट्स फाइल. कंटाळलेला मनुष्य त्या फाइलमध्ये नाव आणि आकडा अशी एक ओळ लिहितो आणि काम तत्काळ चालू होते. निदानासाठी पाच मिनिटे हे करावयास माझी हरकत नाही. परंतु ती ओळ तेथेच राहते. दोन वर्षांनी सर्व्हर बदलतो, त्याचा आकडा बदलतो, आतल्या डीएनएस सर्व्हरवर नवी नोंद होते, आणि ती ओळ असलेले चार संगणक जुन्याच दारावर धडका देत राहतात. तोवर ओळ लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. एलिझाबेथ फाइनलर यांच्या यादीला निदान एक मालक होता. या विखुरलेल्या याद्यांना कोणीच नाही.

राहता राहिला प्रश्न नाव ठेवण्याचा. घरगुती नावाचे शेपूट पूर्वी ज्याने त्याने मनास येईल तसे घेतले. कोणी ‘लोकल’ घेतले. पण २०१३ च्या प्रमाणपत्रकाने ते शेपूट डीएनएस सर्व्हरशिवाय आपसांत ओळख करून घेणाऱ्या यंत्रांसाठी राखून ठेवले आणि मॅक संगणकांना अशा कार्यालयांत अडखळावयास झाले. कोणी ‘डेव्ह’ घेतले. ते शेपूट पुढे गूगलच्या हाती गेले, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोम ब्राउझर त्या नावांसाठी सुरक्षित जोडणीचाच आग्रह धरू लागला. सर्वांत बोलके उदाहरण ‘कॉर्प’ या नावाचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्यवस्थेत अनेक कंपन्यांनी हे घरगुती नाव तसेच ठेवले. त्यांचे संगणक कार्यालयाबाहेर गेले की घरच्या सर्व्हरचा पत्ता थेट इंटरनेटवर विचारीत, आणि ‘कॉर्प डॉट कॉम’ हे तर खरोखरीचे, दुसऱ्याच एका गृहस्थाने १९९४ साली घेतलेले नाव होते. कंपन्यांच्या आतली बोलणी, क्वचित परवलीचे शब्दसुद्धा, त्या दाराशी येऊन पडत. अखेरीस २०२० साली मायक्रोसॉफ्टने ते नाव विकत घेतले, ते मुख्यतः ते दुष्टाच्या हाती पडू नये म्हणून. भलत्याला विचारणे म्हणजे केवळ काम अडणे नव्हे, तर घरातले बोलणे बाहेर जाणेही होय, हे या व्यवहाराने दाखवून दिले.

आज पर्याय दोन आहेत. संस्थेने स्वतः विकत घेतलेल्या नावाचाच एक उपविभाग आतल्या कामासाठी राखावा. किंवा ‘इंटर्नल’ हे शेपूट घ्यावे. जागतिक नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने जुलै २०२४ मध्ये ते खासगी जाळ्यांसाठी कायमचे राखून ठेवले असून, ते बाहेर कोणालाही मिळणार नाही. पहिला पर्याय मला अधिक पसंत आहे, कारण त्या नावावर सुरक्षा-प्रमाणपत्रे सहज मिळतात. नाव बदलताना मात्र घाई करू नये. नवे आणि जुने नाव काही महिने बरोबरीने चालू ठेवावे, जुन्या नावाने कोणकोणता संगणक विचारणा करतो याची नोंद आतल्या सर्व्हरवर पाहत जावे, त्या त्या टेबलापाशी जाऊन होस्ट्स फाइल उघडावी, आणि विचारणा पूर्ण थांबली म्हणजेच जुनी नोंद काढून टाकावी.