कार्ड कोणाचं आणि मार कोणाला?
(माण, ता. मुळशी येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून आपण इथं आलात. हिंजवडीच्या काचेच्या इमारती येताना पाहिल्याच असतील. जमिनीचा भाव असा चढला की तिची भानगड उघडी करणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. इथून जवळच तळेगाव दाभाडे आहे. तिथले सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात कागद काढून जमिनींचे गैरव्यवहार चव्हाट्यावर आणीत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला.

पुढे २०१७ साली विधिमंडळानं पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. राष्ट्रपतींची संमती २०१९ साली मिळाली. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय दवाखान्याचा खर्चही त्याच्याच माथी. कायदा चांगलाच. पण आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसं, पिशवीवरचं बारीक अक्षर आधी वाचतो. संरक्षण कोणाला? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आणि ज्याला माध्यमसंस्थेनं कायम किंवा कंत्राटावर नेमलं आहे, त्याला. त्यात बातमीदार आहे, व्यंगचित्रकार आहे, अगदी मुद्रितं तपासणाराही आहे. जिनिंगच्या काट्यावरची मापातली लूट मोबाईलवर टिपून स्वतःच्या नावानं गावभर कळवणारा तुमचा पोरगा मात्र त्यात बसत नाही. मार खायची वेळ आली तर तो एकटा.

आणि आपली बातमी देतं कोण? बियाणं उगवलं नाही, विम्याचा पंचनामा बांधावर न येताच झाला, हे मोठ्या पेपरात येतं केव्हा? बियाण्याची पानभर जाहिरात आत असली तर विचारूच नका. पहिली हाक अशी पोरंच देतात.

काही म्हणतात, मोबाईलवाले खंडणी मागतात. मागतात काही जण. कार्डवाले मागत नाहीत काय? खोटी तक्रार करणाऱ्यालाही याच कायद्यात शिक्षा आहे, ती दोघांनाही लावा.

बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं, की वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळा हक्क नाही. संपादक लिहितो तेव्हा नागरिकाचाच हक्क बजावतो. मग हक्क एक असताना ढाल फक्त पगारवाल्याला का?

मात्र सरकारनं अशा लिहिणाऱ्यांची नोंदणी करावी, ओळखपत्रं वाटावीत, ही सूचना आम्हाला साफ नामंजूर. परवान्याचं राज्य आपण पुरतं भोगलं आहे. कलेक्टर कचेरीतून कार्ड घेतलेला कलेक्टर कचेरीविरुद्ध काय लिहिणार? व्याख्या माणसाच्या नोकरीवरून न करता कामावरून करा. लोकांच्या कामाची बातमी जो स्वतःच्या नावानं देतो आणि त्या बातमीपायी ज्याच्यावर हात उगारला जातो, त्याला हे कलम लागलं पाहिजे.

एवढ्यानं सगळं भागेल असं आम्ही म्हणत नाही. राजापूरचे शशिकांत वारिसे तर वर्तमानपत्राचेच बातमीदार होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले.

व्याख्या बदलण्याचा ठराव आज मांडत आहोत. प्रत्येक तालुक्यानं तो आपल्या आमदाराच्या हाती द्यावा आणि पोच घ्यावी. बातमीपायी मार खाल्लेलं कोणी असेल, तर फिर्यादीची नक्कल बैठक संपल्यावर आमच्याकडे द्या.